वेशीतला खळगा

सोनपाट नावाच्या शहराला फार पूर्वी एक वेस होती. पुढे मोटारी वाढल्या, रस्ता रुंद झाला आणि वेस पाडली. मागे उरले दोनच दगड. एकावर ऐटबाज सिंह कोरलेला होता. दुसऱ्याला नुसता खळगा होता. वेशीचं अवजड दार त्या खळग्यात फिरायचं.

एके दिवशी सिंहाला वस्तुसंग्रहालयात न्यायला गाडी आली.

"मलाही न्या ना," खळग्याचा दगड कळवळून म्हणाला. "मीही त्याच वेशीचा."

सिंह हसला. "तुला बघायला कोण येणार रे? मला पाहिलं की लोकांना जुनं शहर आठवतं."

गाडी गेली. दगड धुळीत पडून राहिला. मग डांबर टाकणारे आले आणि त्याला पहारीने उकरू लागले. दगडाने मनातल्या मनात शहराचा निरोप घेतला.

तेवढ्यात वाजतगाजत एक वरात आली आणि तिथेच थांबली.

"अहो, ती पहार बाजूला घ्या आधी!" नवरदेवाची आत्या कडाडली. मग नवरीकडे वळून म्हणाली, "सूनबाई, ह्या खळग्यात पळीभर तेल घाल, मग पुढे चल."

"कशासाठी, आत्याबाई?"

"कुणास ठाऊक! आपल्या गावात येणारी प्रत्येक नवरी घालते."

तेल खळग्यात उतरलं. दगडाला गुंगी आल्यासारखं झालं. त्याला जाणवलं, आपल्या अंगावर एक भलंमोठं दार हळूहळू फिरतंय, नव्या सुनेसाठी उघडतंय, आणि जरासुद्धा कुरकुरत नाहीये.