निर्वात पात्रातला ओलावा

एकदा एका लहानशा विद्यापीठात एक वृद्ध आचार्य संगणकाच्या मेमरीसाठी लागणाऱ्या चुंबकीय पदार्थांचा अभ्यास करीत असत. वीज गेली तरी लिहिलेले विसरणार नाही, असा धातूचा अतिसूक्ष्म थर घडवायचा, हे त्यांचे काम. पूर्वी असा थर दूरच्या संस्थेकडून मागवावा लागे. मग हेरंब नावाचा शिष्य आला. त्याने आचार्यांच्या हाताखाली हवा काढून घेतलेले निर्वात पात्र उभारले आणि थर तिथेच बनू लागले. 'हेरंबची प्रयोगशाळा' असेच सगळे म्हणत, आणि ते ऐकताना त्याला बरे वाटे.

पुढे यामिनी नावाची शिष्या आली. एके दिवशी आचार्य म्हणाले, "हेरंब, इथे मोठे संशोधन केंद्र द्यावे की नाही, हे ठरवायला मंडळी येताहेत. त्यांच्यासमोर थर यामिनी घडवेल. तिला सगळे शिकव."

हेरंबला ते झोंबले. वर्षानुवर्षे आपण खपायचे आणि हार काल आलेल्या मुलीच्या गळ्यात! त्याने तिला सगळे शिकवले, एक गोष्ट सोडून. पात्र आदल्या दिवशी चांगले तापवावे लागे, हे एकट्या हेरंबलाच ठाऊक होते. नाहीतर मापक निर्वात दाखवी, तरी आतल्या भिंतींना ओलावा चिकटून राही आणि थर बिघडे.

यामिनीचे थर चुंबकत्व धरून ठेवीनात.

"दादा, माझं कुठे चुकतंय?" ती विचारी.

"हाताला वळण लागायला वेळ लागतो," तो म्हणे. तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याला आतून गोड वाटे. पण आचार्यांनी तिच्या चिकाटीचे कौतुक केले, की घास कडू होई.

मंडळी आली त्या सकाळी आचार्यांनी हेरंबला बाहेरच्या बाकावर बसवले आणि स्वतःही शेजारी बसले.

"सर, मी आत असायला हवं."

"नको. आज तू आत नसावंस, एवढंच मला हवंय."

हेरंबला तो अपमान वाटला. खिडकीतून यामिनी दिसत होती. ती पात्राचे झाकण लावत होती. थोड्याच वेळात ती सगळ्यांसमोर हरणार होती, आणि तिच्याबरोबर केंद्रही जाणार होते. हेच तर त्याने इच्छिले होते. तरी त्याला बसवेना.

"सर, तिला जमणार नाही. मी एक गोष्ट सांगितलीच नाही."

आचार्यांचा चेहरा पडला.  मग ते म्हणाले, "मला कशाला सांगतोस?"

हेरंब आत गेला आणि पाहुण्यांसमोर उभ्या उभ्या सगळे बोलला. यामिनी हळूच म्हणाली, "मला वाटत होतं, माझ्यातच काही नाही."

तिने पात्र तापत ठेवले. मंडळी एक दिवस थांबली. दुसऱ्या दिवशीचा थर बरोबर उतरला. मापनात त्याचे चुंबकत्व टिकलेले दिसले. केंद्र मिळाले. टाळ्या यामिनीला मिळाल्या, आणि त्या हेरंबला टोचल्याच.

संध्याकाळी त्याने विचारले, "सर, मला बाहेर का बसवलंत?"

आचार्य म्हणाले, "माझे गुरू फार मोठे होते. ते गेले, आणि त्यांची यंत्रं धूळ खात पडली. चालवणारे आम्ही दहाजण होतो, पण ती नीट चालवायची खरी कळ त्यांच्या एकट्याच्या डोक्यात राहिली होती. तुला काय येतं, हे त्या मंडळींना ठाऊक होतं. तू उठून गेल्यावर इथे काय उरतं, ते त्यांना पाहायचं होतं. मलाही."

 दुसऱ्या दिवशी हेरंब प्रयोगशाळेत गेला तेव्हा यामिनी पात्रापाशी स्टुलावर बसली होती. तिने पात्र निम्म्या वेळात तापवले होते.

"हे कसं केलंस?" त्याने विचारले. आवाज अजून ताठच होता.

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग दुसरे स्टूल ओढून त्याच्यासाठी पुढे केले आणि सांगायला सुरुवात केली.