मथाक्काचे चुकलेले दिवस

आभाळात अजून चंद्र आलेला नव्हता, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. तेव्हा सूर्य रोज एकाच खिंडीतून उगवायचा आणि रोज एकाच कड्यामागे मावळायचा. आभाळाकडे कितीही वेळ बघत बसलं, तरी आज वर्षातला कितवा दिवस आहे हे कुणाला सांगता यायचं नाही.

त्या काळी एका खोल खोऱ्यात एक गाव होतं. गावाच्या उत्तरेला एक डोंगर होता. त्याला सगळे म्हातारबा म्हणायचे, कारण तो नुसता दगडमातीचा डोंगर नव्हता, तर झोपलेला एक महाकाय म्हातारा होता. बरोबर तीनशे चाळीस दिवसांनी तो एकदा कूस बदलायचा. त्याच्या खांद्याच्या खोबणीत एक मोठं तळं होतं. त्याने कूस बदलली की तळं कलंडायचं आणि सगळं पाणी खोऱ्यात उतरायचं. वीस दिवसांनी पाणी ओसरायचं आणि मागे काळा मऊ गाळ ठेवून जायचं. त्या गाळात भात असा पिकायचा, की गावात कुणी उपाशी राहायचं नाही.

म्हातारबा कूस बदलायचा, त्या दिवशी सकाळीच सगळं गाव गुराढोरांसकट वरच्या पठारावर जायचं. तो चढणीचा सण. गावात कुणाचे वेगळे वाढदिवस नव्हते. पठारावर पाऊल ठेवलं की सगळ्यांचीच वयं एका वर्षाने वाढायची, चार दिवसांच्या बाळाचंही आणि पणजीचंही.

हा सण लवकर उरकून घेऊ म्हटलं तर तेही जमायचं नाही. भात पिकायचा तो अगदी शेवटच्या दिवसांत, आणि पठारावरच्या टाक्यात पाणी जेमतेम बावीस दिवसांचं असायचं. उशीर झाला तर काय होईल, ते सांगायलाच नको.

हे दिवस मोजायचं काम मथाक्काचं. गावाबाहेरच्या टेकडीवर ती एकटी राहायची. तिच्याकडे दोन रांजण होते. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी ती एका रांजणातला एक खडा काढून दुसऱ्यात टाकायची. पहिल्या रांजणात एकतीस खडे उरले, की ती गावात येऊन सांगायची, “उद्या दुधाचा सण,” आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी खीर व्हायची. आणि एक खडा उरला की सांगायची, “उद्या चढण.” तिच्या घराण्यात सात पिढ्या हे काम होतं आणि एकदाही चूक झाली नव्हती. गावाचा तिच्यावर इतका भरवसा, की दुसरं कुणी दिवस मोजायच्या भानगडीतच पडायचं नाही.

एके वर्षी दुधाचा सण झाला आणि थोड्याच दिवसांत मथाक्काला ताप भरला. साधासुधा नाही, चांगला हाडांत मुरलेला ताप. ती उठायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा पडायची. जागी कधी होती आणि झोपेत कधी होती, हेच तिला कळेना. एका सकाळी ताप उतरला. अंगात त्राण नव्हतं, पण डोकं स्वच्छ झालं होतं. ती भिंतीला धरून रांजणाशी गेली आणि तिने खडे मोजले. नऊ होते.

तापात आपण खडे टाकले होते का? टाकल्याचं आठवत होतं, पण ते खरं होतं की स्वप्न? एखाद्या दिवशी दोनदा टाकले असतील. चार दिवस टाकलेच नसतील. ते नऊ खडे खरे धरावेत, असं काहीच तिच्यापाशी नव्हतं.

ती तिथेच जमिनीवर बसली. ‘नऊ म्हणून सांगितलं तर कुणाला कळणार आहे?’ तिच्या मनात आलं. ‘कदाचित नऊच असतील.’ मग वाटलं, अंदाजाने चार दिवस आधी सांगावं, म्हातारबाने उशीर केला असं म्हणावं. गावात जाऊन ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, हे तिला नकोसं वाटत होतं. सात पिढ्यांत जे कुणाला म्हणावं लागलं नाही, ते आपल्याला म्हणावं लागणार होतं.

टेकडीवरून खाली गाव दिसत होतं. कुणीतरी छपरावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. दोन पोरी विहिरीवर भांडत होत्या. सगळं रोजच्यासारखं निवांत चाललं होतं, आणि ते आपल्या भरवशावर, हे मथाक्काला ठाऊक होतं. ती उठली, हातात काठी घेतली आणि टेकडी उतरू लागली.

पाराजवळ गावचे कारभारी माणसांना विळे वाटून देत होते. तिला बघून ते म्हणाले, “या आक्का. अहो, केवढ्या वाळलात! चढण जवळ आली वाटतं?”

“कारभारी, मला माहीत नाही,” मथाक्का म्हणाली.

“म्हणजे?”

“मला ताप होता. त्यात माझी मोजणी चुकली. किती दिवस उरलेत ते मला सांगता येत नाही.”

कारभाऱ्यांच्या हातातला विळा खाली पडला.

“सांगता येत नाही?” ते ओरडले. “आक्का, माझ्या घरी दोन नातवंडं आहेत! उद्या पाणी आलं तर?”

“म्हणूनच आले,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने मान खाली घातली नाही. “मला नंतर हवं तेवढं बोला. पण आधी दिवस शोधू या.”

एक बाई रडायला लागली. कुणी म्हणालं आत्ताच पठारावर चला, कुणी म्हणालं भात कोण कापणार, तहानेने मरायचं का तिथे. गलका वाढला. त्या गलक्यात कोंबड्या पाळणारी पवळा नावाची बाई पुढे आली.

“आक्का, दुधाचा सण तर बरोबर सांगितला होतात ना?”

“हो. तोपर्यंत मी धडधाकट होते. त्या सणानंतर तिसाव्या दिवशी चढण.”

“मग सणाच्या दुसऱ्याच दिवशी मी कोंबडी अंड्यांवर बसवली होती,” पवळा म्हणाली. “एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली. म्हणजे तो सणानंतरचा बाविसावा दिवस. आणि ज्या दिवशी पिल्लं निघाली, त्याच दिवशी माझी सून बाळंत झाली.”

“बाळाची पाचवी कधी केली?” मथाक्काने घाईने विचारलं.

“कालच की! जन्मल्या दिवसापासून पाचवा दिवस काल.”

मथाक्का बोटांवर मोजू लागली. “बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस... काल सव्वीस झाले. आज सत्तावीस.”

“कोंबडीवर गावाचा जीव टांगायचा का?” गुरं राखणारा सटवा मध्येच म्हणाला. “मी रोज संध्याकाळी काठीवर खूण करतो, गुरं मोजून झाली की. सणानंतर माझ्या पंचवीस खुणा आहेत. म्हणजे आज सव्वीस.”

पुन्हा घोळ झाला. तेवढ्यात लिंबाजी विणकर घरी गेला आणि मागावरचं कांबळं काढून घेऊन आला. तो रोज बरोबर एक वीत विणायचा, कमी नाही की जास्त नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“सणानंतर तिसऱ्या दिवशी मी हे लावलं,” तो म्हणाला. “मोजा तुम्हीच. आज अजून बसलो नाही मी.”

कारभाऱ्यांनी पारावर कांबळं पसरलं आणि लिंबाजीच्याच हाताने विती मोजून घेतल्या. चोवीस भरल्या. तिसऱ्या दिवसापासून चोवीस दिवस म्हणजे काल सव्वीस झाले. आज सत्तावीस.

सगळ्यांनी सटव्याकडे बघितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, “थांबा. सणाच्या दुसऱ्या दिवशी माझा भाऊ गेला होता गुरं घेऊन. मी इतकी खीर खाल्ली होती, की दिवसभर उठलोच नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. आणि मघाशी रडणारी ती बाईसुद्धा पदराने डोळे पुसत हसायला लागली.

“म्हणजे तीन दिवस,” कारभारी म्हणाले. त्यांनी एक लांब श्वास सोडला. “तुमच्या रांजणात किती होते, आक्का?”

“नऊ,” मथाक्का म्हणाली.

कारभाऱ्यांनी खाली पडलेला विळा उचलला आणि ते शेताकडे निघाले.

त्या दिवसापासून तीन दिवस गावात कुणी रिकामं बसलं नाही. विणकराने माग सोडला, कुंभाराने चाक सोडलं आणि सगळे कापणीला लागले. शेवटचा एक तुकडा तसाच उभा राहिला, बाकी सगळा भात पोत्यांत भरून वर गेला. चौथ्या दिवशी सकाळी सगळं गाव पठारावर चढलं. पवळाने पिल्लांची पाटी डोक्यावर घेतली होती, आणि सुनेने बाळ छातीशी धरलं होतं.

दुपारी म्हातारबा कुशीवर वळला. पायाखालची जमीन हलली, आणि तळ्याचं पाणी पांढऱ्या भिंतीसारखं खोऱ्यात उतरलं. बघता बघता पार बुडाला, घरांची छपरं बुडाली. पठारावर कारभारी घराघराची माणसं मोजत फिरत होते. सगळे होते. एकही कमी नव्हता.

मग पोरांनी ओरडायला सुरुवात केली. “मला सात लागलं!” “मला नऊ!” सुनेच्या मांडीवरचं नऊ दिवसांचं बाळ एक वर्षाचं झालं होतं, आणि पवळा ते सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली होती.

मथाक्का कारभाऱ्यांकडे आली. “पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कुणाला द्या,” ती म्हणाली. “चूक ती चूक.”

“काम तुमच्याकडेच राहील,” कारभारी म्हणाले. “तुम्ही गप्प बसला असतात, तर आज मी कुणाला मोजणार होतो? त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो, ते मनात ठेवू नका. पण आक्का, यापुढे पवळाकडे एक रांजण ठेवू आणि लिंबाजीकडे एक. दर दहा दिवसांनी तिघं बसा आणि ताळा करा. गावाने एका माणसावर एवढं ओझं टाकलं, ती आमचीही चूकच होती.”

मथाक्काने मान हलवली. पवळाच्या सुनेने तिला गरम पेज आणून दिली, ती तिने तिथेच बसून संपवली. मग लिंबाजीच्या त्या अर्ध्या कांबळ्यावर ती आडवी झाली, आणि दिवसाउजेडी, पोरांच्या गोंगाटात, तिला गाढ झोप लागली. तिला कुणी उठवलं नाही.

तात्पर्य: आपल्याला जे माहीत नाही, ते वेळेवर आणि चारचौघांत सांगावं. हरवलेलं उत्तर बहुतेक वेळा त्या चौघांकडेच थोडं थोडं असतं.