पोफळवाडीची आवडाबाई पारखीण

पोफळवाडीच्या देवळावर अजून गवताचं छप्पर होतं, त्या काळची ही गोष्ट. नीट ऐका, मध्ये बोलू नका.

त्या वेळी गावात आवडाबाई नावाची एक बाई होती. जत्रेच्या जेवणाचं सगळं रांधप तिच्या देखरेखीखाली चालायचं. पण ती लोकांच्या आठवणीत राहिली ती रांधपामुळे नव्हे, पारखीमुळे. रवी असो, पळी असो, नाहीतर शेवेचा सोऱ्या असो, आवडाबाईने हात लावून पाहिल्याशिवाय ती वस्तू गावात कुणी घरात घेत नसे. रवी कानाशी फिरवून ती सांगायची, हिने ताक घुसळलं तर खांदा धरेल. आडाळ्याच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावरून नुसता डोळा फिरवून सांगायची, हा दिवाळीपर्यंत दोन बोटं कापणार. आणि तो दोनच कापायचा, असं म्हणतात.

तिची रीतही जगावेगळी होती. वस्तू करणाऱ्याने ती चालवून दाखवायची नाही. "करणाऱ्याच्या हातात सगळाच चालता," ती म्हणायची. वस्तू ती द्यायची गावातल्या सगळ्यात थकलेल्या हातात, आणि मग वस्तूकडे न बघता त्या बाईच्या तोंडाकडे बघत बसायची. पसंत पडली तर पदराने पुसून मांडीवर घ्यायची. नाही पडली तर विड्याच्या पानावर सुपारी ठेवून करणाऱ्याच्या हातात द्यायची. चांगले दांडगे लोहार-सुतार, पण ते पान दिसलं की वस्तू उचलून मागच्या वाटेने घर गाठायचे.

त्याच गावात सिदू कातारी राहायचा. चाकावर लाकूड फिरवून तो पाळण्यावरची खेळणी करायचा. त्याची बायको जयवंता. जत्रेला शंभर नारळ खोवायचे असत आणि आडाळ्यांच्या रांगेत जयवंताची जागा पहिली होती, लग्न होऊन आली त्या वर्षापासून. पण एका पावसाळ्यानंतर तिच्या हातांचे सांधे आखडले. मूठ मिटेना, करवंटी धरवेना. आणि गावचा नियम असा की जिला आडाळ्यावर बसून खोवता येत नाही, तिने रांधपाच्या पडवीत पाऊल टाकायचं नाही. बाहेर पत्रावळी लावत बसायचं. हा नियम कुणी केला ते मला विचारू नका, माझं डोकं तापतं. जयवंताला मूल नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. चार बायकांत बसून हसायचा तिला तेवढाच एक दिवस. तिचं अन्नावरचं मन उडालं, आणि सिदूला ते बघवेना.

मग सिदूने डोकं चालवलं. त्याने एक चाक केलं. पायाने पट्टी दाबली की चाक फिरायचं आणि चाकाबरोबर लोखंडी दात्यांचा लिंबाएवढा गोळा फिरायचा. नारळाची वाटी त्यावर तळहाताने नुसती टेकवायची. आडाळ्यावर दाते जागच्या जागी असतात आणि हात फिरवावा लागतो. इथे हात स्वस्थ आणि दातेच फिरतात. मूठ मिटायचं कामच नाही! सांगा, आहे की नाही डोकं?

जत्रेच्या आदल्या सकाळी त्याने ते चाक देवळासमोर मांडलं. सगळं गाव लोटलं. आवडाबाई म्हणाली, "जयवंता, बस गो."

जयवंता बसली. पायाने पट्टी दाबली, चाक गरगरलं, आणि तिच्या लुगड्याचा काठ चाकात गेला. लुगडं टरकन फाटलं, ती कोलमडली, परात उपडी झाली. मागे कुणीतरी हसलं. जयवंता उठलीच नाही, फाटका पदर तोंडावर घेऊन बसून राहिली. सिदू मान खाली घालून पानाची वाट बघत होता.

आवडाबाईने पान काढलं नाही. तिने दात्यांवरून अंगठा फिरवला, चाक हाताने फिरवून पाहिलं.

"माप कोणाच्या पायाचा घेतलंस?"

"माझ्या."

"आणि नेसान काय बसलं होतंस?"

"पंचो."

"तू आडाळ्यार कधी बसलंस?"

सिदू जन्मात बसला नव्हता. गावातला एकही पुरुष बसला नव्हता. आवडाबाईने आपला आडाळा आणवला, आपलं जुनं लुगडं भर देवळासमोर सिदूला नेसवलं आणि अकरा नारळ फोडून पुढे ठेवले. पुरुषमंडळी खो-खो हसत होती. तिसऱ्या नारळाला सिदूच्या हातातून रक्त आलं, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. पाचव्याला सिदूच्या लक्षात आलं की बसताना एक गुडघा वर असतो, दुसरा पाय आडवा, आणि लुगड्याचा सगळा घोळ नेमका चाकाच्या बाजूला पडतो. अकरावा संपवून तो उठला आणि तसाच, लुगड्यातच, चाक उचलून घरी गेला.

"अक्कल सोन्यासारी आसा तेची," आवडाबाई म्हणाली. तिने कुणाचं तोंडाने केलेलं ते पहिलं कौतुक, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा आलं, या वेळी थेट रांधपाच्या पडवीत. चाकाभोवती आता फणसाच्या लाकडाची पेटी होती आणि पट्टी सरकून आडव्या पायाखाली गेली होती. जयवंता घाबरत बसली. आरती सुरू झाली तेव्हा तिने पहिली वाटी टेकवली, आणि आरती संपली तेव्हा शंभर नारळांच्या करवंट्या रिकाम्या होत्या. खोबरं परातीतून पडवीत आलं, पडवीतून अंगणात आलं आणि माणसं गुडघाभर खोबऱ्यातून चालली. कुणी घोट्याएवढं म्हणतात. पण माझ्या आतेच्या सासूने गुडघ्याएवढं सांगितलं, आणि ती बाई खोटं बोलत नसे.

आवडाबाई मात्र खोबऱ्याकडे बघतच नव्हती. ती जयवंताचं तोंड बघत होती. चाक काही मांडीवर मावण्यासारखं नव्हतं. म्हणून तिने जयवंताचे ते आखडलेले दोन्ही हात ओढून घेतले, पदराने पुसले आणि आपल्या मांडीवर ठेवले. मग दोघी रडल्या, आणि जेवायला उशीर झाला.

त्या चाकाला पुढे वाळवी लागली. आता नारळ विजेवर खोवले जातात. पण आवडाबाईच्या नावाने जत्रेचा पहिला नारळ अजून आडाळ्यावर खोवला जातो, तोही गावातल्या लुगडं नेसलेल्या नव्या जावयाकडून. आणि रांधपाच्या पडवीतला पहिला पाट जिचे हात सगळ्यात जास्त थकलेत तिचा असतो. गेल्या वर्षी मळेकरांच्या शेवंताकाकीचा मान होता. तिचे दोन्ही हात कापतात, पेलाही धरवत नाही. आम्ही चौघींनी तिला उचलून आणलं आणि पाटावर बसवलं. बसल्या बसल्या तिने दुपारपर्यंत आम्हा सगळ्यांना कामाला लावलं, आमटीत दोनदा मीठ घालायला लावलं, आणि आम्ही मुकाट्याने घातलं.