निम्म्या वाटेवरचा करंज

वाटा अजून पायांनीच पडायच्या, त्या काळची ही गोष्ट. वरची वाडी आणि खालची वाडी यांच्या बरोब्बर मध्यावर एक करंज उभा होता. पाहुणा निघाला की यजमानाने पाण्याचा तांब्या घेऊन त्याला करंजापर्यंत पोचवायचं, अशी दोन्हीकडची रीत. पाहुणा तिथे पाणी प्यायचा, सावलीत टेकायचा आणि पुढे जायचा.

"मी दोघांचा आहे," करंज साळुंकीला तोऱ्यात सांगायचा.

एका वर्षी पाऊस पडलाच नाही. वरच्या वाडीची तान्हूबाई पाहुण्यांना पोचवायला आली, तेव्हा तिच्या तांब्यात थोडं पाणी उरलं होतं.

"बाई, तेवढं माझ्या बुंध्याशी ओत गं," करंज म्हणाला.

"आमचीच झाडं वाळतायत रे बाबा. तू खालच्यांचा, ते घालतील."

दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीचा रखमाजी आला. "वरच्यांच्या झाडाला मी कशाला घालू?" म्हणत त्यानेही तांब्या तसाच परत नेला.

"एकाच्या बाजूला झुकला असतास तर?" साळुंकी हळहळली.

"आता झुकायलासुद्धा ओल लागते गं," करंज म्हणाला.

शिमग्याच्या तोंडावर तो उभाच वाळला. मग दोन्ही वाड्या कुऱ्हाडी घेऊन धावल्या आणि बुंध्याशीच हमरीतुमरीवर आल्या.

"आमचं झाड आहे हे!"

"छट्! आज्या-पणज्यापासून आमचंच!"

याच शब्दासाठी करंज जन्मभर उभा होता. तो कानावर आला, तेव्हा हलवायला त्याच्याकडे एक पानही उरलं नव्हतं.