आधी भंडारा कोणी उचलायचा?

आमदार तात्यासाहेब उंडे यांनी आजवर तीन पक्ष बदलले होते. निवडणुकीच्या तोंडावर ते खंडोबाच्या देवळात आले आणि भंडाऱ्याचं ताट आम्हा बायकांपुढे सरकवून म्हणाले, “उचला भंडारा. मत मलाच देणार, अशी शपथ घ्या. नाहीतर नळाचं पाणी विसरा.”

आम्ही हादरलोच. देवाची शपथ मोडायची कशी आणि पाण्यावाचून जगायचं कसं?

सरूकाकू पदर सावरत म्हणाल्या, “घेतो की साहेब. पण देवापुढे संकल्प आधी यजमानाचा असतो, आणि ताट मांडणारे यजमान तुम्हीच. निवडून आल्यावर पक्ष बदलणार नाही, एवढं तुम्ही भंडारा उचलून म्हणा.”

साहेबांचा हात ताटाशी जाऊन थबकला.

“काकू, देवाला मध्ये कशाला आणायचं?”

“खरंय. मग पाण्यालाही आणू नका.”