नऊशे चुका

परचुरे सरांनी स्वतः घडवलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेत क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचे साचे, लिहायची पद्धत बदलली आणि भरल्या बैठकीत फर्मान सोडलं, “उद्यापासून जुन्या पद्धतीचा एकही प्रोग्रॅम चालणार नाही. ज्याने त्याने आपापला नव्याने लिहावा!”

सुनेत्रा टिपरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या जुन्या प्रोग्रॅमवर चाळीस दवाखाने चालत होते. तिने तिथल्या तिथे नवे नियम लावून एक जुना प्रोग्रॅम चालवायला घेतला. पडद्यावर नऊशे चुका उमटल्या.

“कुणी लिहिलाय हा कचरा?” सर खेकसले.

“तुम्हीच, सर. प्रत्येक प्रोग्रॅम ज्यातून गेल्यावरच चालतो, तो आपला कंपायलर आहे हा. आधी हा नव्याने लिहा. तोवर माझे दवाखाने जुन्यावरच चालतील!”

तेव्हापासून त्या भाषेत जुने क्लास नव्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेत.