थरथरत्या हातांची गाठ

फार फार वर्षांपूर्वी, एका डोंगरी राज्यात, एका धाकट्या भावाने थोरल्याला विचारलं, "दादा, तुला भीती नाही वाटत?" या प्रश्नाचं उत्तर त्याला कुणीच कधी दिलं नाही.

दादा गावच्या पंचापासून चढत चढत राज्याच्या वरच्या न्यायासनावर पोचला होता. खाली मिळालेल्या शिक्षेविरुद्ध लोक त्याच्याकडे दाद मागत. जुना कायदा असा, की दाद ऐकून होईपर्यंत त्याने आपलं पागोटं तुरुंगाच्या दारावरच्या खुंटीला बांधायचं. ते तिथे असेतो शिक्षा होत नसे. आणि ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, राजाचासुद्धा.

त्या वर्षी युवराज पुरात बुडाला. आज होडी पाण्यात घालू नका म्हणून तीन नावाड्यांनी त्याला विनवलं होतं. त्याने ऐकलं नाही. खालच्या न्यायाधीशाने राजाच्या तोंडाकडे पाहिलं आणि नावाड्यांनाच कडेलोट सांगितला.

दादाने पागोटं बांधलं.

दुसऱ्याच दिवशी अंगणात कुत्रा मरून पडला. शेजारी बोलेनासे झाले. वाटेने चाललं की मागून पावलं वाजत. वळून पाहावं तर कुणी नसे. दादाच्या हातातला घास ताटात सांडू लागला. धाकट्याने प्रश्न विचारला तो तेव्हाच. दादा एवढंच म्हणाला, "भात निवतोय. जेव."

मग राजाचा निरोप आला. पागोटं सोड, नाहीतर जीव जाईल.

शिपायांच्या गराड्यात दादा तुरुंगाकडे निघाला. धाकटा रडत मागे धावला. "सोड ना ते, दादा. ते आपले कोण लागतात? घरी चल."

दादाने हात वर केले. ते इतके थरथरत होते की आतल्या नावाड्यांनी डोळे मिटून घेतले.

त्याने पहिल्या गाठीवर दुसरी गाठ मारली.

परतताना शिपायांनी त्याला दरीत ढकललं.

राजा स्वतः तुरुंगावर आला. म्हातारा रखवालदार दारातून हलला नाही. "महाराज, हे सोडणारे हात तुम्हीच दरीत टाकलेत. कायदा तुमच्या आजोबांचा, गादीही त्यांचीच. एक मोडलं तर दुसरं कशावर टिकेल?"

राजा घाबरला आणि परत फिरला. पुढे नव्या न्यायाधीशाने दाद ऐकली, नावाड्यांना निर्दोष ठरवलं आणि ते घरी गेले. पागोट्याच्या चिंध्या झाल्या, गाठ तशीच राहिली. धाकटा तिच्याखाली उभा राहून जन्मभर तोच प्रश्न विचारत राहिला.

मुलांनो, थोरांनो, भीती सगळ्यांनाच वाटते. पण न्यायी तोच, जो थरथरत्या हातांनीही गाठ सोडत नाही, आणखी घट्ट करतो.